भर दुपारच्या दिवेलागणीची हकीकत

श्री. दिवे तेवोत, वारा वाहो. शके सतराशे सत्त्याण्णव. संवत्सराचे नाव काजळीखाली गेले, ते वाचवत नाही. ते समयी एक राज्य होते. राजधानीचे दिवे थोरल्या भट्टीवर लागत आणि भट्टी खाणीचा कोळसा खाई, म्हणोन खजिन्यातून दरसाल मोठी मोईन कोळशास जाई, आणि पठारावर पवनचक्की उभारणारा गोंदाजी पांचाळ यास शाल आणि नारळ मिळे. शाली सात जाहल्या, चक्की एकच राहिली. गोंदाजीचे घर भट्टीच्या धुराखाली, आणि बायको चिमाबाई इचा दम कोंडे, निजली तर छातीत शिट्टी वाजे. ती म्हणाली, "शाली पुरे झाल्या हो. ती भट्टी थंड होईल असं काही मागा." गोंदाजी पागोटे बांधोन राजवाड्यास गेला.

महाराज जागेपणी कारभाऱ्यांच्या सल्ल्याने चालत, आणि सल्ला देणाऱ्यांत खाणीचे दरोगे अंबरराव पहिल्या गादीवर बसत. मात्र पूर्वापार चाल ऐसी की, महाराज वामकुक्षीत जे बोलतील तो देवाचा शब्द. दिवेलागणीआधी त्यावर खजिन्याचा शिक्का पडला तर खरा, दिवे लागले की फुकट. त्या दुपारी महाराज पहुडले आणि गोंदाजी दाराशी उभा राहिला, आणि पठारावरचा वारा खिडकीतून आला, पडदे फुगले, आणि मग महाराजांस स्वप्न पडले. पांढऱ्या शिडांची चक्रे डोंगरोडोंगरी फिरताहेत, आभाळ धुऊन ठेविले आहे, आणि आपण पिसाऐसे हलके होऊन त्यांजवरून तरंगत आहो, ऐसे पाहिले. ओठ हलले. "कोळशाची मोईन गोंदाजीच्या चक्क्यांस द्या," ऐसे बोलिले आणि झोपेतच हसले. चिटणिसांनी शब्द उतरोन घेतला आणि गोंदाजी कागद घेऊन खजिन्याकडे निघाला, तो त्याचे पाय भुईस लागत नव्हते.

वार्ता अंबररावांस पोचली. त्यांचे धाबे दणाणले, पण गृहस्थ मोठे धोरणी, त्यांनी भट्टीवर स्वार धाडिला. इकडे खजिनदार भास्करपंतांनी कागद दोनदा वाचिला, शिक्का शाईत बुडविला, उचलला, आणि तितक्यात राजधानीचे सारे दिवे लागले. उन्हात ते धड दिसतही नव्हते.

"दिवेलागण जाहली," अंबरराव दारातून म्हणाले.

"पंत, बाहेर ऊन आहे," गोंदाजी म्हणाला.

पंतांनी खिडकीबाहेर पाहिले, दिव्याकडे पाहिले आणि शिक्का डबीत ठेविला. "ऊन आहे खरे. पण दिवे लागले ना." गोंदाजीस रडू आले, आणि तो तेथेच रडला.

पुन्हा ऐसा प्रसंग नको म्हणोन अंबररावांनी ते दिवे विझवूच दिले नाहीत, आणि दिवे अहोरात्र म्हणोन कोळसा दुप्पट लागला, आणि मग मोईनही दुप्पट जाहली. गोंदाजी मात्र रोज दुपारी राजवाड्याच्या दाराशी जाऊन बसे. एके दिवशी महाराजच बाहेर आले, डोळे लाल, आणि विचारिते जाहले, "गोंदाजी, कशास बसतोस?"

"आपला डोळा लागावा म्हणून, महाराज."

"या उजेडात झोप कोठली रे," महाराज बोलिले, आणि त्याजजवळ पायरीवर बसले.

येणेप्रमाणे जाहले. त्या राज्यात अंधार म्हणोन उरला नाही. चिमाबाई पौषात गेली, तेव्हा भर दुपार होती आणि दिवे लागलेले होते. लिहिणाराने पाहिले ते लिहिले.