बाकावरील इसमाचे रिक्त पद

नव्या उपनगरात तिसऱ्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर आम्हाला दोन खोल्यांचं घर मिळालं होतं. फक्त त्यात राहायला जायची परवानगी नव्हती. भिंती उभ्या होत्या, दारांना कड्या होत्या, नळांना तोट्या होत्या. पण वसाहत मंजूर आराखड्याप्रमाणे बांधली आहे, असा दाखला नगररचना कार्यालयानं दिल्याशिवाय किल्ल्या मिळणार नव्हत्या. इकडे माझ्या बायकोला आठवा महिना लागला होता, आणि आम्ही दादा-वहिनींच्या बैठकीच्या खोलीत, वहिनींचं शिवणयंत्र आणि दादाची व्यायामाची सायकल यांच्या मधल्या पट्ट्यात दिवस काढत होतो. वहिनी स्वभावानं चांगल्या आहेत. बाळ यायच्या आत आम्ही आपल्या घरी जावं एवढीच त्यांची इच्छा होती, आणि ती त्या दिवसातून चार वेळा, दर वेळी नव्या शब्दांत, बोलून दाखवत.

घोडं अडलं होतं ते सात वर्षांपूर्वीच्या एका शिक्क्यावर. वसाहतीचा मूळ नकाशा तेव्हा सात खात्यांतून फिरला होता : रस्ते, पाणी, गटारं, झाडं, आग, दिवे, आणि आधीच्या सहा खात्यांचे शिक्के मोजणारं सातवं खातं. प्रत्येकानं कोरी जागा बघून आपला शिक्का हाणला. नकाशा मुख्य नियोजनकारांच्या टेबलावर पोचला तेव्हा त्यावर बोट टेकवायलाही जागा उरली नव्हती, आणि शिक्का कोऱ्या जागेवरच मारायचा असा नियम होता. साहेबांनी इकडंतिकडं पाहिलं. शेजारी वसाहतीचं लाकडी मॉडेल ठेवलेलं होतं आणि त्याची तळाची फळी अगदी कोरी होती. साहेबांनी मॉडेल तिरकं करवून फळीवर शिक्का मारला, सही केली आणि वर लिहिलं, ‘याप्रमाणे तंतोतंत बांधावे.’ दुसऱ्या दिवशी ते निवृत्त झाले. तेव्हापासून कायद्याच्या नजरेत मॉडेल हाच आराखडा ठरला.

आमच्या वाट्याला आलेले तपासनीस अत्यंत सभ्य गृहस्थ होते. त्यांच्या गळ्यात मॉडेल बघायला भिंग आणि वसाहत बघायला दुर्बीण, अशी दोन साधनं लटकत. मॉडेल हातगाडीवर घालून आणायला ते बनवणारे म्हातारे मॉडेलवाले येत आणि पायरीवर बसून चहा पीत राहत. इमारती जुळल्या, जिने जुळले. मॉडेलातली झाडं स्पंजाची, चेंडूसारखी गोल होती, म्हणून दोन माळ्यांनी खरी बासष्ट झाडं कातरून गोल केली, तीही जुळली. मग तपासनीसांनी भिंग पुसलं.

“आता माणसं,” ते म्हणाले.

मॉडेलात करंगळीच्या नखाएवढी एकेचाळीस माणसं होती. अशी माणसं पाकिटात विकत मिळतात, आणि मॉडेलवाल्यांनी पाकिटातून निघाली तशी ती चिकटवून टाकली होती. त्यामुळे पिवळा झगा घातलेली, छत्री उघडलेली आणि डावा पाय पुढे टाकलेली एकच बाई तीन ठिकाणी उभी होती. एक गृहस्थ काही कारण नसताना कमरेत वाकला होता. एका कुत्र्याचा चौथा पाय पाकिटातच राहिला होता. आणि कोपऱ्यातल्या बाकावर एक इसम हातात काहीतरी उघडं धरून, मान खाली घालून वाचत बसला होता.

“मंजूर माणसं एकेचाळीस. प्रत्यक्षात शून्य,” तपासनीस म्हणाले. “मी काय लिहू, सांगा.”

मी म्हणालो की दाखला मिळाला की माणसं येतील. ते म्हणाले की माणसं आली की दाखला मिळेल. त्यांच्या आवाजात रागाचा लवलेश नव्हता, त्यामुळे भांडायचीही सोय नव्हती.

मग आम्ही भावी रहिवाशांनी निवृत्त बँडमास्तरांच्या अध्यक्षतेखाली ‘स्थिर रहिवासी समिती’ काढली आणि पदांचं वाटप केलं. दिवसभर वाकून दुसऱ्यांच्या तोंडात बघणाऱ्या दंतवैद्यांना कमरेत वाकलेला गृहस्थ बिनविरोध मिळाला. माझ्याकडे दिव्याच्या खांबाला टेकलेला तरुण आला. बायकोची नेमणूक छत्रीवाली क्रमांक दोन म्हणून झाली. वहिनींनी आनंदाच्या भरात तीन पिवळे झगे एका बैठकीत शिवून दिले. रोज सकाळी सात ते आठ न हलण्याचा सराव सुरू झाला. बँडमास्तर शिट्टी वाजवत आणि आम्ही थिजत असू. औषधाच्या दुकानदारांना ते इतकं साधलं की त्यांना घरी उचलून न्यावं लागे. पशुवैद्यांनी आपल्या कुत्र्याला एक पाय वर धरून उभं राहायला शिकवलं. तो शिकलाही, पण त्यासाठी त्याला दिव्याचा खांब लागू लागला, आणि त्या खांबाला टेकलेला मी होतो.

एक बाकावरचा इसम तेवढा जमेना. जो तो बसे, आणि बाकीच्यांचं काय चाललंय ते बघायला पाच मिनिटांत मान वर करी. मॉडेलातल्या इसमानं सात वर्षांत एकदाही मान वर केली नव्हती.

पूर्वपाहणीला तपासनीसांनी आमचं मनापासून कौतुक केलं. आता कुठे माशी शिंकणार नाही असं मला वाटलं, आणि नेमकी माशीच निघाली. दुसऱ्या इमारतीच्या गच्चीवर, ओल्या वार्निशात अडकून मेलेली, सात वर्षं जुनी.

“साहेब, ती माशी आहे,” मी म्हणालो.

“एकास दोनशे या प्रमाणात ती दीड मीटर लांब भरते,” ते शांतपणे म्हणाले. “दीड मीटरची माशी नसते. म्हणून मी ‘प्राणी’ असं लिहिलंय.”

प्राणी आम्ही बांधला. वहिनींनी मोडक्या छत्र्यांच्या काड्या दिल्या, दादानं आपला काळा रेनकोट दिला, डोळ्यांना घरातल्या दोन्ही चाळण्या गेल्या. आम्हाला घालवण्यासाठी ती माउली स्वयंपाकघर रिकामं करायला निघाली होती. दोरखंडानं प्राणी गच्चीवर चढवला तेव्हा दंतवैद्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

अखेर तपासणीचा दिवस उजाडला. सगळे आपापल्या खुणेवर उभे राहिले. तपासनीस माझ्या बायकोसमोर थबकले, त्यांनी भिंगातून मॉडेल पाहिलं, मग पुन्हा तिच्याकडे पाहिलं आणि संकोचून म्हणाले, “मॉडेलातल्या बाईंना पोट नाहीये.”

“मॉडेलातल्या बाईंना नवराही नाहीये,” ती म्हणाली. “म्हणून उभ्या आहेत इतक्या निवांत.”

त्यांनी छत्री जरा पुढे झुकवून घेतली आणि ते पुढे गेले. अठ्ठाविसाव्या माणसाशी त्यांची जुळवाजुळव चालली असताना बायको ओठ न हलवता म्हणाली, “अहो, सुरू झालंय.”

“तेराच उरलेत,” मी तसाच पुटपुटलो.

“हे बाळाला सांगा.”

तिनं छत्री मिटली. वहिनी धावत आल्या. मी खांब सोडणार, एवढ्यात बायको वळून म्हणाली, “हललात तर याद राखा. मला बाळ घेऊन शिवणयंत्राखाली झोपायचं नाही.” मी हललो नाही. आयुष्यात इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. बायको दवाखान्यात चालली होती आणि मी पायाशी कुत्रा घेऊन खांबाला टेकून उभा होतो, चेहऱ्यावर मॉडेलाप्रमाणे कसलाही भाव नसलेला.

तपासनीसांनी दुर्बीण खाली केली. एक छत्रीवाली कमी होती, आणि बाक तर रिकामाच होता. पुढची तारीख तीन महिन्यांनी मिळणार होती. ते लिहायला लागले, तेवढ्यात पायरीवरचे मॉडेलवाले उठले. त्यांनी कप खाली ठेवला, नखानं छत्रीवाली क्रमांक दोन खरवडून काढली आणि खिशात टाकली. तपासनीसांनी भिंग लावलं, दुर्बीण लावली.

“जुळतंय,” ते म्हणाले. “शिक्का फळीच्या खाली आहे. त्याला धक्का लागलेला नाही.”

कमरेत वाकलेले दंतवैद्य तसेच वाकून म्हणाले, “आजोबा, हे आधी का नाही सांगितलंत? ती माशी...”

“मला कुणी विचारलं?” मॉडेलवाले म्हणाले. “मी तर रोज इथंच होतो. मला वाटलं, तुम्हा लोकांना हौस आहे.”

काखेत कळसा घेऊन आम्ही दोन महिने गावाला वळसा घातला होता, तोही न हलता. आता राहिला फक्त बाकावरचा इसम. मॉडेलवाल्यांनी त्यालाही नख लावलं. मग चाकू लावला. मग पकड आणली. इसम तसूभरही हलला नाही. ते घाम पुसत म्हणाले की प्रत्येक मॉडेलात हा असाच घट्ट बसतो. बाकीची माणसं निघतात, हा काही निघत नाही.

दाखला सशर्त मिळाला : बाकावरील पद तीस दिवसांत भरावे, अन्यथा दाखला रद्द. बारा वाजून पाच मिनिटांनी मला मुलगी झाली. दुसऱ्या दिवशी किल्ल्या मिळाल्या, आणि वहिनी आम्हाला पोचवायला आल्या तेव्हा रडल्या, अगदी मनापासून. लेक आता स्वतःच्या खोलीत झोपते. तिचे हातपाय सारखे चालू असतात. बँडमास्तर तिला बघून चिंतेत पडतात.

आज एकोणतिसावा दिवस आहे. उद्या पद रिकामं दिसलं तर आम्ही पुन्हा शिवणयंत्रापाशी. आत्ताच हात जोडून मी तपासनीसांना विचारलं की या पदाला पात्रता तरी काय लागते.

“काहीच नाही,” ते म्हणाले. “शेजारी बायका उन्हात ताटकळोत, गच्चीवर माशी चढवली जावो, कुणाच्या कळा सुरू होवोत. त्यानं ते सगळं वाचायचं, गालातल्या गालात हसायचं आणि जागचं उठायचं नाही.”

असा माणूस आम्ही आणायचा कुठून, असं मी म्हणालो. त्यांनी दुर्बीण डोळ्याला लावली आणि ती वसाहतीवरून, रस्त्यावरून हळूहळू फिरवत नेऊन एका जागी थांबवली.

तेव्हा कृपा करून मान वर करू नका. आहात तसेच बसून राहा, हातातलंही तसंच उघडं असू द्या. साहेब म्हणतायत, जुळतंय.