तीनशे बारा घोड्यांचा शेजारी

शेजाऱ्याच्या गाडीत तीनशे बारा घोडे आहेत, हे मला माझ्या बायकोकडून कळलं. तेही सूप वाढताना.

गुरुवार होता. गुरुवारी वाटाण्याचं सूप आणि वर पॅनकेक, हे आमच्याकडे ठरलेलं. (आमच्याकडे म्हणजे अख्ख्या स्वीडनमध्ये. माझा त्यात काही हात नाही.) सॉल्वेगने वाडगा माझ्यापुढे ठेवला आणि डोळे चमकवत म्हणाली, "एस्किल, ऐकलंस का? स्टेलानच्या गाडीचा आकडा आला. तीनशे बारा!"

माझा रक्तदाब किती, हे या बाईला विचारा, सांगता यायचं नाही. शेजाऱ्याचे घोडे मात्र तोंडपाठ!

आकडा म्हणजे डायनोवरचा. गाडी पट्ट्यांनी जखडायची, मागची चाकं रोलरवर ठेवायची आणि ॲक्सिलरेटर पार तळाला नेऊन दाबायचा. गाडी बोंब मारते, धूर सोडते, पण जागची हलत नाही. इंजिनात किती घोड्यांची ताकद आहे ते तेवढं पडद्यावर उमटतं. (नगरपालिकेत चोवीस वर्षं मी हेच करतोय. माझा आकडा कधी कुणी काढला नाही.)

आता हा स्टेलान. चार वर्षं गॅरेजमध्ये एक जुनी गाडी उघडून बसलेला माणूस. बोलण्याच्या नावाने शून्य. 'हं' म्हणाला तर आज भाषण झालं असं समजायचं. आणि दर गुरुवारी, सूप आटोपलं की माझी बायको दालचिनीचे बन आणि विणकाम घेऊन त्याच्या गॅरेजात जाते. दोन तास!

एकदा मी बर्फाचं फावडं परत करायच्या निमित्ताने गेलो आणि खिडकीतून डोकावलो. (फावडं आमचंच होतं, पण निमित्त तरी कुठून आणायचं?) आत शेगडीजवळ एका मोडक्या सीटवर सॉल्वेग विणत बसली होती. स्टेलान पॉलिश पेपर घासत होता. दोघं एक अक्षर बोलत नव्हते. मी दहा मिनिटं थंडीत उभा राहिलो, एक अक्षर नाही! ज्यांना बोलायचीही गरज उरली नाही, त्यांचं प्रकरण कुठवर गेलं असेल?

हो, जळलो मी. सरळ सांगतो, लपवायचं काय त्यात? त्याच रात्री ठरवलं, मे महिन्यात आमच्या गाडीवाल्यांच्या क्लबचा डायनोचा दिवस असतो, त्या दिवशी आपली स्टेशन वॅगन रोलरवर चढवायची आणि तीनशे वीस काढून दाखवायचे. सॉल्वेगच्या डोळ्यांत ती चमक एकदा माझ्यासाठी दिसली पाहिजे, बस्स.

फेब्रुवारीत मी एक डबी मागवली. इंजिनाच्या वायरींना ती जोडली की 'पन्नास घोडे जास्त, हमखास' असं खोक्यावर ठसठशीत छापलं होतं. आता हे खोकं बायकोपासून लपवायचं कुठे? बाहेर उणे बावीस. मी त्याचा पुठ्ठा कापला आणि रेडिएटरच्या पुढे, जाळीमागे सरकवला. थंडीत इंजिनाला वारा लागू नये म्हणून आमच्याकडे सगळेच लावतात. पुरावाही गेला आणि इंजिनही उबेला! माझ्या हुशारीचं मला इतकं कौतुक वाटलं की मी एक बन जास्त खाल्ला.

एप्रिलमध्ये रुंद तोंडाचा सायलेन्सर बसवला. घोडे किती वाढले देव जाणे, पण समोरच्या म्हातारीचा कुत्रा तेव्हापासून पलंगाखालीच राहतो.

"एस्किल," सॉल्वेग एकदा म्हणाली, "गाडी रोलरवर नेणारच असशील तर आधी पुढचा तो..."

"थांब, आधी माझं ऐक!" मी म्हणालो आणि एअर फिल्टरवर पाऊण तास बोललो.

डायनोच्या दिवशी लख्ख ऊन होतं. आमच्या पुढून स्टेलानची गाडी चालली होती, मागून आम्ही. सॉल्वेग म्हणाली, "एस्किल, त्या जाळीमागे..."

"जाळी काय बघतेस? आवाज ऐक आवाज!" मी म्हणालो आणि आवाज ऐकवला. पुढचं तिचं बोलणं मलाच ऐकू आलं नाही.

डायनो गावाबाहेरच्या जुन्या लाकूड गिरणीत आहे. मालक इंगेमार. कानांना मोठ्या हेडफोनसारख्या झापडा लावून फिरतो, त्यामुळे त्याच्याशी वाद घालता येत नाही. आमच्या क्लबची रीत अशी की गाडी चढायच्या आधी प्रत्येकाने चिठ्ठीवर अंदाजाचा आकडा लिहून कॉफीच्या डब्यात टाकायचा. गाडी तीनदा पळवायची, तिसरा आकडा धरायचा. ज्याचा अंदाज सर्वांत जवळ, त्याला हिरवा प्रिन्सेस केक.

मी तीनशे वीस लिहिलं. स्टेलानने काहीतरी लिहून घडी घातली. सॉल्वेग गाडीच्या तोंडाकडे बघत कितीतरी वेळ पेन्सिल चावत राहिली. मग माझ्याजवळ आली.

"एस्किल, अजून वेळ आहे, मी काय म्हणते..."

"शुभेच्छा नंतर दे!" मी म्हणालो आणि जमलेल्या मंडळींना डबीबद्दल सांगायला लागलो. ती परत गेली आणि तिने चिठ्ठी टाकली.

पहिल्या खेपेला गिरणीचे पत्रे थरथरले. पडद्यावर आलं एकशे अठरा.

"मशीन बिघडलंय," मी म्हणालो.

इंगेमारने एका कानावरची झापड उचलली. "काय?"

"काही नाही."

तो लॅपटॉप जोडून बसला. पेट्रोल किती जातंय, ठिणगी कधी पडतेय, सगळं बघून खालीवर करू लागला. मध्येच त्याने डबी हातात घेतली.

"ही काय करते रे?"

"पन्नास घोडे वाढवते!"

त्याने डबी उघडली. "हिच्यात नुसता एक दिवा आहे. हिरवा." मग जरा विचार करून म्हणाला, "छान आहे दिवा."

डबी काढली, इंजिन नीट लावलं, दुसरी खेप. एकशे अकरा!

"अरे, ट्यून केल्यावर कमी?" मी ओरडलो.

"तापतेय," इंगेमार कपाळाला आठ्या घालून म्हणाला. "एवढा मोठा पंखा समोर लावलाय आणि वारा आत जातच नाही. थांबायचं का?"

मी मागे बघितलं. सॉल्वेग स्टेलानच्या शेजारी उभी होती. स्टेलान शांतपणे बन खात होता. माझ्या बायकोने केलेला बन!

"दाब!" मी म्हणालो.

तिसऱ्या खेपेला आधी शिट्टी वाजली, मग बॉनेटखालून वाफेचा असा लोट उठला की आकडा दिसायला पडदा पुसावा लागला. चौऱ्याण्णव.

वाफ ओसरल्यावर इंगेमारने जाळीमागे हात घातला आणि लगदा झालेला पुठ्ठा बाहेर ओढला. सगळ्यांसमोर धरून मोठ्याने वाचला. "पन्नास घोडे जास्त, हमखास." खाली पत्त्यासकट माझं नाव होतं, तेही वाचलं. मग माझ्याकडे वळून अगदी मायेने म्हणाला, "एस्किल, मे महिना लागलाय रे."

लोक हसले. मग चिठ्ठ्या उघडल्या. माझी तीनशे वीस, त्यावर पुन्हा हसले. स्टेलानची एकशे नव्वद. आणि सॉल्वेगची चौऱ्याण्णव.

एक घोडा इकडे नाही, एक घोडा तिकडे नाही. केक तिचा!

"तुला ठाऊक होतं!" मी म्हणालो.

"दरवर्षी जूनमध्ये तो पुठ्ठा मीच काढते. तुझ्या कधी लक्षात राहिलंय?"

"मग सांगितलं का नाहीस?"

"तीनदा तोंड उघडलं, एस्किल. तिन्ही वेळा तू बोलत होतास."

आता मात्र फेब्रुवारीपासून पोटात ठेवलेलं सगळं ओठांवर आलं. "आणि गुरुवारी? गुरुवारी काय असतं गं याच्याकडे? तीनशे बारा घोडे?"

इंगेमारने दोन्ही कानांवरच्या झापडा उचलल्या.

"शांतता असते," सॉल्वेग म्हणाली. "दोन तास कुणी काही बोलत नाही. एक अख्खा मोजा विणून होतो माझा."

"हं," स्टेलान म्हणाला.

"कुणासाठी एवढे मोजे?"

"वेड्या, तुझ्या पायात काय आहे?"

मी खाली बघितलं. निळे, लोकरीचे, टाचेवर पांढरी नक्षी. गेल्याच आठवड्यातले.

"ठीक आहे!" मग मी हात वर करून जाहीर केलं. "शांतता हवी ना? या क्षणापासून माझ्या तोंडून शब्द निघणार नाही! घरी पोचेपर्यंत नाही, रविवारपर्यंत नाही! बघच तू!" (त्या वचनावर मी अजून पाच मिनिटं बोललो, पण ते धरायचं नाही.)

माझी गाडी तिथेच सोडून आम्ही इंगेमारकडून उसन्या घेतलेल्या छोट्या गाडीतून निघालो, चालवायला सॉल्वेग. केकचं खोकं माझ्या मांडीवर. चर्च गेलं, मी गप्प. पेट्रोल पंप गेला, मी गप्प. सॉल्वेगच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू यायला लागलं आणि तिने एकदा माझ्याकडे असं बघितलं की काय सांगू! तीच ती चमक. तीनशे बाराची! ती मला मिळाली, एकही घोडा न वाढवता, नुसतं गप्प बसून. छाती भरून आली. गाडी पुलावर चढली आणि मला राहवलं नाही.

"सॉल्वेग, बघ, मी किती वेळ गप्प आहे!"

ती हसत हसत म्हणाली, "खोक्याचं झाकण उघड."

झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलने दोन अंदाज लिहिले होते. एक स्टेलानच्या अक्षरात, 'घरापर्यंत'. दुसरा तिच्या अक्षरात, 'पूल'.