विमानाच्या कापडाची फियाट

"हे काळं काय आहे? पुसायचं राहिलंय का?" फियाटच्या पुढच्या सीटवर बसता बसता पुष्पलताबाईंनी विचारलं.

कृष्णकांत राऊत या प्रश्नाची गेले तीन आठवडे वाट पाहत होते. त्यांनी किल्ली फिरवली नाही. आधी घसा साफ केला. "याला कार्बन फायबर म्हणतात. विमानाला वापरतात. पोलादापेक्षा मजबूत आणि पिसासारखं हलकं."

पुष्पलताबाईंनी डॅशबोर्डवर बोटाने टकटक करून पाहिलं आणि चटईसारखं दिसतंय, पण छान आहे, असं मत दिलं. त्यातलं 'छान आहे' एवढंच कृष्णकांतांच्या कानांनी घेतलं आणि गाडी माकुणसारच्या दिशेने निघाली.

कृष्णकांतांचं बोईसरला तारापूर रस्त्यावर गाड्यांना सीटकव्हर शिवायचं आणि टेप बसवायचं दुकान होतं. त्यांचे मित्र पुंजाराम आहेर मूळचे सिन्नरकडचे, राहायला सरावलीला, आणि औद्योगिक वसाहतीतल्या एका फायबरच्या कारखान्यात सुपरवायझर. त्या कारखान्याने कुठल्याशा परदेशी ऑर्डरसाठी हे काळं कापड मागवलं होतं. ऑर्डर रद्द झाली, कापड पडून राहिलं, आणि शेवटचे तुकडे मालकाने पुंजारामांना देऊन टाकले. ही गोष्ट त्र्याण्णव-चौऱ्याण्णवची. तेव्हा बोईसरमध्ये असं कापड डोळ्यांनी पाहिलेली माणसं बोटांवर मोजण्याइतकी असतील.

साचा कसा करायचा, कापडावर रेझिनचा चिकट थर कसा चढवायचा, आतले बुडबुडे कसे दाबून काढायचे, हे पुंजारामांनी शिकवलं. बाकी सगळं कृष्णकांतांचं. त्यांनी आपल्या जुन्या फियाटचा डॅशबोर्ड केला, दारांची आतली पॅनेलं केली आणि मागे दोन मोठ्या स्पीकरांसाठी दोन खोकी केली. ओल्या पॉलिशपेपरने घासून घासून त्यांच्या बोटांची सालं निघाली, पण शेवटच्या पॉलिशनंतर त्या काळ्या विणीत स्वतःचं तोंड दिसलं, तेव्हा ते बराच वेळ तिथून हलले नाहीत.

पाय थांबले तसं त्यांच्या तोंडानेही थांबायला हवं होतं. दुकानात येईल त्याला ते सांगत, की हे सामान फार हलकं असतं. चहाच्या टपरीपर्यंत पोचेतो सामानाची गाडी झाली. बेटेगावात ही गाडी चार माणसं उचलतात असं ठरलं. सरावलीत चाराची दोन झाली. एके दिवशी एक ओळखीचे मास्तर खास चौकशीला आले. जोराचं वारं सुटलं की गाडी दोरीने बांधून ठेवता का, असं त्यांना विचारायचं होतं. खरं सांगायची ती वेळ होती. कृष्णकांत नुसते हसले आणि म्हणाले, "हँडब्रेक लावतो."

पुंजाराम हिशेबी माणूस. त्यांनी एका दुपारी मित्राला समोर बसवून समजावलं, की जुना बोर्ड काढून दोन किलो वाचले असतील नसतील, पण मागे जे स्पीकर, त्यांची लोहचुंबकं, अॅम्प्लिफायर आणि दुसरी बॅटरी घातली, त्यांचं वजन साठ किलोंच्या घरात जातं. म्हणजे गाडी हलकी झालेली नाही, चांगली जड झाली आहे. कृष्णकांतांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि हे कुणाजवळ बोलू नकोस, अशी गळ घातली.

अशात धनसुखभाईंचा निरोप आला. धनसुखभाई म्हणजे रंगाच्या कारखान्याचे मालक. त्यांनी नवी कोरी मोटार घेतली होती आणि तिच्यात असंच काम करून हवं होतं. रविवारी माकुणसारच्या वाडीवर गाडी दाखवायला या, म्हणाले, पण अकराच्या आत, कारण अकराला ते मुंबईला निघणार. आपल्या हातचं काम मुंबईच्या रस्त्यांवरून फिरणार, या विचाराने कृष्णकांतांना दोन दिवस जेवणाकडे लक्ष देता आलं नाही. रविवारी त्यांनी बायकोला बरोबर घेतलं, मागे दोन खोक्यांच्या मध्ये पुंजारामांना कोंबलं आणि ते निघाले.

माकुणसार अगदी हाकेच्या अंतरावर असताना समोरून एसटी आली. रस्ता अरुंद. फियाटला ओरखडा नको म्हणून कृष्णकांतांनी गाडी जरा जास्तच कडेला घेतली. कडेची माती अजून ओलसर होती. एसटी धूळ न उडवता सभ्यपणे निघून गेली आणि फियाटची डावी दोन्ही चाकं हळूच शेतात उतरली. गाडीचं पोट बांधावर टेकलं. कृष्णकांतांनी अॅक्सिलरेटर दाबला, तसं चाक जागच्या जागी फिरून आणखी खाली गेलं. पुंजाराम मागून ढकलायला उतरले होते. त्यांचा रविवारचा पांढरा शर्ट चिखलाने भरला.

साडेदहा वाजले होते. खोकी काढून गाडी हलकी करू, असं पुंजारामांनी हळू आवाजात सुचवलं. पण स्क्रू दिसू नयेत म्हणून कृष्णकांतांनी ते पॅनेलांच्या आत दडवले होते. खोकी काढायला तासभर लागला असता.

शेतात भातकापणी चालू होती. विळे खाली ठेवून आठ-दहा जणं आली. पुढे झिपरू, पन्नाशीचा, काटक, आणि मागे त्याची बायको नवसी. झिपरूने काचेतून आत डोकावून पाहिलं.

"बोयसरची इमानाची गाडी ती हीच काय?"

बातमी कृष्णकांतांच्या आधी इथवर येऊन बसली होती. ते काही बोलायच्या आत रस्त्यावर उभ्या असलेल्या पुष्पलताबाईंनी मान ताठ करून सांगितलं, "हीच."

"मंग काय, उचलू."

कृष्णकांतांचा चेहरा उतरला. तशी ती अगदीच हलकी नाही, असं काहीतरी ते पुटपुटले, पण तोवर माणसं चिखलात उतरून वाकली होती. पहिल्या खेपेला काहीच झालं नाही. दुसऱ्या खेपेला गाडी कण्हली. तिसऱ्या खेपेला झिपरूने छातीतून असा हुंकार काढला, की झाडावरचे बगळे उडाले, आणि डावी बाजू उचलली जाऊन गाडी रस्त्यावर सरकली.

झिपरूने हात पुसले. "हलकीच हाय," तो म्हणाला. "कायच वजन नाय." बाकीच्यांनी माना डोलावल्या. पुष्पलताबाईंनी नवऱ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, तशी नजर बावीस वर्षांच्या संसारात त्यांच्या वाट्याला फारशी आली नव्हती. पण या वेळी ती त्यांना झेपेना.

अकराला पाच मिनिटं कमी असताना ते वाडीवर पोचले. धनसुखभाईंनी डॅशबोर्डवरून हात फिरवला, भजनाची कॅसेट लावली आणि आवाज शेवटपर्यंत वाढवला. नारळाच्या झावळ्या थरथरल्या, पण गाडीचं एक पॅनेल कुरकुरलं नाही. शेठ खूश झाले. मग त्यांनी विचारलं, की याने गाडीचं वजन बरंच कमी होत असेल, नाही का.

हो म्हणायला कृष्णकांतांनी तोंड उघडलं आणि चिखलात वाकलेल्या दहा पाठी त्यांच्या डोळ्यांसमोर आल्या. "नाही शेठ," ते म्हणाले. "वजन वाढतं. साठ किलो तरी."

"वाढू दे," धनसुखभाई म्हणाले. "एवढा आवाज काय हवेतून येणार?" आणि पुढच्या सोमवारी मोटार दुकानावर पाठवतो, असं सांगून ते मुंबईला निघाले.

पुष्पलताबाईंनी सगळं ऐकलं होतं. परतीच्या वाटेवर त्यांनी एवढंच सांगितलं, की त्या माणसांना खरं काय ते सांगितल्याशिवाय बोईसरला जायचं नाही.

झिपरूची मंडळी झाडाखाली भाकरी खात होती. कृष्णकांत त्यांच्यासमोर उभे राहिले आणि गाडी हलकी नाही, जड आहे, ती निघाली ती तुमच्या ताकदीने, असं एका दमात बोलून मोकळे झाले.

झिपरूने तोंडातला घास सावकाश संपवला. "ठाव हाय," तो म्हणाला. "उचलली तवाच कळलं. कंबर आजून धरलेली हाय."

"मग हलकी का म्हणालात?" पुष्पलताबाईंनी विचारलं.

उत्तर नवसीने दिलं. "तुमी किती कौतुकानं बोललात, हीच म्हनून. मालकांचं त्वांड बगितलं, पार उतरलेलं. मंग बायकूसमोर जड कशाला म्हनायचं?"

पुंजाराम आधी हसले, मग सगळेच. कृष्णकांत सगळ्यांत शेवटी हसले, पण खूप वेळ.

पुष्पलताबाई नवसीशेजारी टेकल्या आणि तिने पुढे केलेली भाकरी त्यांनी घेतली. झिपरू मात्र उठून गाडीपाशी गेला. पावसाळ्यात तो बांबूच्या टोपल्या विणायचा. गाडीचं दार उघडून त्याने त्या काळ्या विणीवरून अंगठा फिरवत नेला, डॅशबोर्डपासून दारापर्यंत, अगदी सावकाश. एका कोपऱ्यावर अंगठा थांबला.

"हितं एक काडी सरकली हाय."

आजवर ते कुणाच्याही लक्षात आलं नव्हतं, पुंजारामांच्यासुद्धा.

"हो," कृष्णकांत म्हणाले. त्यांनी आपला अंगठा झिपरूच्या अंगठ्याशेजारी टेकवला. "कापड ओढताना तिथे माझा हात घसरला."