चणा, राजमा आणि एक कडवा वाल

एका शुक्रवारी सकाळी अप्पा शिगवणांनी शेंगदाणेवाल्याला मत दिलं. शेंगदाणेवाला म्हणजे अमेरिकेचा एक जुना अध्यक्ष. घरची शेती शेंगदाण्याची, म्हणून अप्पांनी ठेवलेलं नाव. एका सिनेमावाल्याने त्याला पाडलं, त्याला चाळीसहून जास्त वर्षं झाली. अप्पा कधी अमेरिकेला गेले नाहीत, त्यांना तिकडे कोणी बोलावलंही नाही. पण बहारीनमध्ये, गुदैबियातल्या त्यांच्या एका खोलीत दर शुक्रवारी अमेरिकेची एक होऊन गेलेली निवडणूक पुन्हा व्हायची आणि मतदान शंभर टक्के व्हायचं. मतदार एकच.

मी त्यांच्या वरच्या मजल्यावर राहतो. आमचं गावही एकच, वाड्या वेगळ्या. मी गप्प माणूस. मनात काही सलत असलं तर सलू देतो. पण अप्पांचं सांगायचं तर माझंही सांगावं लागणार. सांगतो.

गुरुवारी संध्याकाळी आचारसंहिता लागायची. मग अप्पा कोणाकडे चहा प्यायचे नाहीत. “लाच होते रे, अनंता.” शुक्रवारी आंघोळ, इस्त्रीचा शर्ट, आणि कपाटाच्या आडोशाला टांगलेल्या चादरीमागे लोणच्याची रिकामी बरणी. तिकडच्या एका पक्षाची निशाणी गाढव, दुसऱ्याची हत्ती. गाढवाचा चणा, हत्तीचा राजमा. खोलीत एकटे असले तरी अप्पा चादर ओढून घ्यायचे. मी एकदा डोकावलो तर आतून ओरडले, “मतदान गुप्त असतं! मफी, मफी! बाहेर हो!” मफी म्हणजे इकडच्या अरबीत ‘नाही’.

जिंकेल त्याची दुपारी उसळ. दोन्ही कडधान्यं आदल्या रात्रीच भिजत घातलेली असायची; हरलेल्याची शनिवारी. मला राजमा आवडतो, म्हणून मी इमानाने हत्तीचा प्रचार करायचो. तेवढंच माझं राजकीय तत्त्व.

अप्पा गाड्यांच्या सुट्या भागांच्या स्टोअरमध्ये कारकून. उमेदवाराला त्यांची एकच परीक्षा. “हा माझा फोरमन असता तर मला रजा मिळाली असती का?” युद्ध जिंकलं, चंद्रावर माणूस पाठवला, ते सगळं नंतर. शेंगदाणेवाला स्वतःची बॅग स्वतः उचलायचा, म्हणून पास. हसऱ्या सेनापतीला दोन्ही वेळा राजमा. “लष्करातला माणूस. घरच्या पत्राची किंमत कळते.” चाकाच्या खुर्चीतला चार वेळा निवडून आला, तर म्हणाले, “रिप्लेसमेंट मिळत नसेल. मला कुठे मिळते?”

“अप्पा, निकाल लागून गेलेत हो सगळे!”

“म्हणून तर शांत डोक्याने मत देता येतं. माझ्यामुळे कोणाचं वाटोळं होत नाही.”

“आणि खरं मत?”

“ते नाही दिलं कधी.” अप्पा चणे निवडत राहिले. “निवडणूक आणि माझी रजा एका महिन्यात आलीच नाहीत.”

यंदा आल्या. गावी शिगवणकाकू, म्हणजे अप्पांची बायको, ग्रामपंचायतीला उभ्या राहिल्या. समोर अप्पांचा चुलतभाऊ दत्ता. अप्पांनी रजेचा अर्ज टाकला आणि फोरमनने चक्क सही केली. “याला मी डोळे मिटून मत दिलं असतं,” अप्पा म्हणाले. विमानाचं तिकीट काढलं. काकूंनी निशाणी मागितली होती कपबशी. त्या दिवसापासून अप्पा चहा स्टीलच्या पेल्यातून प्यायला लागले. कपबशीतून प्यायलो तर प्रचार होतो म्हणे.

“अहो, बहारीनमध्ये कुठला मतदार बघतोय?”

“तू बघतोयस ना!”

आता माझं. दत्ता माझा शाळासोबती. मला वाटलं, एकाच घरात भांडण कशाला? अप्पांना न विचारता मी त्याला फोन केला, म्हटलं, वहिनीसमोर काय उभा राहतोस, लोक हसतील. मुदत संपायच्या आत दत्ताने अर्ज मागे घेतला. काकू बिनविरोध.

मी मिठाई घेऊनच खाली गेलो. अप्पा शर्टाला इस्त्री करत होते.

“म्हणजे मतदान नाही?”

“नाही ना! जिंकल्या काकू!”

“चांगलं झालं,” अप्पा म्हणाले आणि इस्त्रीचं बटण बंद केलं. शर्टाची एक बाही राहिली होती.

त्या शुक्रवारी उसळीचा वास आला नाही, म्हणून मी खाली गेलो. चादर टांगलेली होती, बरणी टेबलावर. आत चणा नव्हता, राजमाही नव्हता. एकच कडवा वाल होता, काकूंनी गावाहून पाठवलेल्यांतला.

“हा कोण, अप्पा?”

“घरची.” ते बरणीकडे बघत राहिले. “इतक्या वर्षांत फ्रीज पाठवला, पंखे पाठवले. तू चांगली आहेस, असं तोंडाने कधी बोललो नाही. आपल्यात कोण बोलतं? म्हटलं, मतदानाच्या पुठ्ठ्यामागे कोणी बघत नसतं. तिथे बटण दाबू.”

मी नेहमीसारखा गप्प बसू शकलो असतो. “अप्पा, दत्ताला फोन मी केला होता.”

अप्पांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, उमेदवाराला न्याहाळावं तसं.

“तू माझा फोरमन असतास,” ते म्हणाले, “तर मला रजा मिळाली नसती.”

“नसती,” मी म्हणालो.

ते उठले आणि चहा टाकला. माझ्यासमोर ठेवला तो कपबशीतून. मी विचारलं, “तिकीट रद्द केलंत?”

“आज करणार होतो.” त्यांनी बरणी उलटी करून वाल तळहातावर घेतला आणि एक बाही चुरगळलेल्या त्या शर्टाच्या खिशात टाकला.

“नेऊन तिच्याच हातात देतो. मोजणी तिला करू दे.”