माशांचा समूळ नायनाट

शुद्ध मराठीत माझा हात धरणारा आमच्या मेडिकल कॉलेजात कोणी नव्हता! असं सगळे म्हणत. सगळे म्हणजे मी. त्यामुळे १९५५च्या भाद्रपदात डॉ. गर्गे सरांनी सूचनेचा कागद तपासायला माझ्याकडे दिला, याचं मला मुळीच नवल वाटलं नाही.

सरांचं संशोधन साधं होतं. मूल नावाच्या गावाजवळच्या एका खेड्यात महिनाभर घरमाश्या मारायच्या आणि पोरांची हगवण कमी होते का, ते पाहायचं. सरांनी लिहिलं होतं, "घरातल्या माश्या मारा." शी! ही काय सरकारी कामाची भाषा झाली? मी ते खोडून झोकात लिहिलं, "बालकांच्या आरोग्यासाठी माशांचा समूळ नायनाट करावा." कागद दवंडीसाठी गावच्या कोतवालाला, वारलूला, दिला आणि मी नागपूरला परतलो.

आठ दिवसांनी माश्या मोजायची लाकडी जाळी घेऊन पुन्हा गावात उतरलो, तर वेशीपासूनच नाकाला रुमाल! अंगणात मासे, छपरांवर मासे, कुंपणावर मासे, निम्मे सडलेले! आणि माश्या? जाळी जमिनीवर टेकवली की काळी होई. तीनशेला मी मोजणं सोडलं.

ढिवरांचा, म्हणजे गावच्या मासेमारांचा, म्होरक्या मनसाराम लगबगीनं आला.

"राम राम साहेब! समदा तलाव साफ केला! बोटाएवढं पिल्लूबी नाई ठेवलं!"

"अहो, पण मासे का मारलेत?"

"काऊन म्हंजे? तुमचाच तं हुकूम! माशांचा समूळ नायनाट!"

मी त्याच्यामागून आलेल्या वारलूच्या हातातला कागद ओढला. अक्षर माझंच, मोत्यासारखं. 'माश्यांचा' हवं होतं, मी 'माशांचा' लिहिलं होतं. एक 'य' खाल्ला होता!

"मनसारामभाऊ, या उडणाऱ्या माश्या हो! तळ्यातले मासे नव्हेत!"

मनसाराम जाळीकडे पाहतच राहिला. "म्हंजे... ह्या?"

ती पिल्लं उन्हाळ्यापर्यंत मोठी व्हायची. त्यांच्यावरच ढिवरांच्या पंधरा घरांचं वर्ष निघायचं.

"मग कोणी मला विचारलं का नाही?" मी उगाच आवाज चढवला.

उत्तर मनसारामच्या बायकोनं, देवकाबाईनं दिलं. "इचारावं वाटलं, साहेब. पन गेल्या साली आमची लेक हगवनीनं गेली. पोरं वाचत असतीन तं मासोया गेल्या तं गेल्या, म्हनलं. डाक्टर का खोटं सांगन?"

"चूक माझी," एवढंच म्हणालो, कोट काढला आणि तीन दिवस त्यांच्याबरोबर खड्डे खणून सडके मासे पुरले. मनसाराम मला एकदाही टाकून बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं!

निघताना तो एवढंच म्हणाला, "पुढच्या खेपेले कागद नोका आनजा साहेब. तोंडानंच सांगजा."

देवकाबाईनं वाळलेल्या मासळीचं पुडकं हातात दिलं. मी जन्माचा शाकाहारी, पण नाही म्हणायचं तोंड कुठे होतं? बस सुटली, तरी पुडक्याभोवती माश्या घोंगावतच होत्या. मोजल्या. सदतीस! आमच्या संशोधनानं त्या गावातल्या माश्या कमी केल्या त्या एवढ्याच.