मिशाळ तांडेलाची मिशी

"मिशाळ तांडेल आमच्याच घरचा!" हे शिवदास गेली तीस वर्षं सांगत आला होता, आणि दर वर्षी त्याचा आवाज थोडा वाढत होता.

डिचोलीला एका खाण कंपनीच्या ऑफिसात तो कारकून. टेबलावर ट्रकांच्या फेऱ्यांचं रजिस्टर आणि रजिस्टराखाली 'मिशाळ तांडेल' या चित्रकथेचा अंक. कोरगावला घरी पत्र्याची पेटी, आणि पेटीत पहिल्यापासूनचे एकशे बारा अंक! गोष्ट ठरलेली. दांडगेश्वर नावाचा उग्र माणूस कुणाला तरी झाडाला बांधतो. मग होडी हाकणारा तांडेल वल्हं उगारून येतो, त्याला पळवून लावतो आणि बिचाऱ्याला सोडवतो. एवढ्या शिदोरीवर शिवदास बेचाळीस वर्षांचा झाला होता.

चित्रकार तुयेकर लहानपणी एका मे महिन्यात कोरगावला मावशीकडे राहिले होते, असं त्याने कुठेसं वाचलं. बस्स! घरात विठूआज्याचा फोटो होता, आणि फोटोत चेहऱ्यापेक्षा मिशीच जास्त होती. आणखी पुरावा कशाला हवा? त्याने तुयेकरांना पत्र घातलं. उत्तर आलं, 'तांडेल मला कोरगावातच भेटला. मे महिन्यात येतो.'

गाव पेटलं! गोव्याचं राज्य होऊन पुरतं वर्षही झालं नव्हतं. राजभाषा कोकणी की मराठी यावरून ज्यांनी एकमेकांशी बोलणं टाकलं होतं, तेही मंडपाचा एकेक खांब धरून उभे राहिले!

खुसपट काढलं ते शिवदासच्या बायकोने, पद्मावतीने.

"विठूआज्यान जन्मात कधी वल्ह्याक हात लावलो? तो काजीच्या डोंगरार राखण करी!"

"चित्रकार तेवढो बदल करतत गो!"

"आणि खोटा ठरला तर?"

"तर ती पेटी सगुण काजूवाल्याक दी! पुड्या बांधूक!"

घरातली गोष्ट घरात जिरली असती. पण कोरगाव पडलं पेडणे तालुक्यात, आणि तिथे देवाला साकडं, म्हणजे गाऱ्हाणं, घातल्याशिवाय कुठलं कार्य सुरू होत नाही, आणि गाऱ्हाण्यात देवापासून काही लपवायचं नाही. शिवदासने उत्साहाच्या भरात गाऱ्हाणं घालणाऱ्या दत्तारामआबांना सगळंच सांगून टाकलं. आबांनी देवळासमोर नारळ ठेवला आणि आवाज लावला.

"बा देवा म्हाराजा! तांडेल म्हणजे विठूच, असा ह्या तुझ्या लेकराचा म्हणणा! ता खोटा ठरला, तर पेटी काजूवाल्याक दितलंय, असो शब्द दिल्यान आसा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" अख्खं गाव ओरडलं. सगळ्यांत मोठ्याने पद्मावती.

पाहुणे आले. मंचाची पायरी चढताना त्यांना हार घातलेला फोटो दिसला आणि ते एक पायरी मागे सरले.

"हे इथे कसे?"

"आमचे आजोबा! तुमचा तांडेल!"

"तांडेल? अहो, हा तर दांडगेश्वर!"

मंडपातल्या सगळ्या माना फोटोकडे वळल्या.

"नऊ वर्षांचा होतो," तुयेकर म्हणाले. "काजूची चार बोंडं चोरली, तर यांनी मला झाडाला बांधलं! दुपारभर तांबड्या मुंग्या चावत होत्या!"

शिवदासच्या डोळ्यांपुढे एकशे बारा अंकांच्या पुड्या नाचू लागल्या. पहिल्या रांगेतला सगुण शेजाऱ्याला हातांनीच विचारत होता, पेटी केवढी आहे? शिवदासला खरोखर रडू आलं. आज्याची अब्रू गेली ती गेलीच, पण बाराव्या वर्षापासूनची पेटी!

"मग तुमका सोडयल्यान कोणी?" पद्मावतीने विचारलं.

"यांच्याच बायकोने! कमलाक्षीबाई. भात कांडायचं मुसळ घेऊन डोंगर चढून आल्या. नवऱ्याला म्हणाल्या, 'पोराक सोड, नायतर तुकाच हंय बांधतंय!' हे धूम पळाले! तोच माझा तांडेल. मुसळाचं मी वल्हं केलं. पण प्रकाशक म्हणाले, नायक बाईमाणूस चालणार नाही. मग मिशी लावली." त्यांनी फोटोकडे पाहिलं. "ती मात्र ह्यांचीच घेतली."

"मिशी तरी आमची आसा मा!" शिवदास केविलवाणं ओरडला. माणसं हसून हसून खुर्च्यांवरून घसरली.

पद्मावती आबांच्या कानाशी लागली. आबांनी पुन्हा देवाकडे तोंड केलं.

"बा देवा म्हाराजा! तांडेल निघालो ह्या घराची सून. तेवा पेटी काजूवाल्याक नको, घरच्या सुनेक मेळांदी म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" यावेळी शिवदासही ओरडला. पेटी वाचली याचा त्याला इतका आनंद झाला, की सून म्हणजे कोण हे त्याच्या ध्यानात यायला घरी पोचावं लागलं.

आता किल्ली पद्मावतीच्या कमरेला असते. शिवदासला दर रविवारी एक अंक मिळतो, तोही आडोळीवर बसून नारळ खवून दिल्यावर. परवा एक्केचाळिसावा अंक हातात आला. मुखपृष्ठावर तांडेल वल्हं उगारून उभा. शिवदासने सहज गंमत म्हणून अंगठ्याने मिशी झाकली.

तीच भुवई! तेच वटारलेले डोळे! आजी त्याला आठवत नव्हती, पण हा चेहरा तो रोज स्वयंपाकघरात बघत होता.

"नारळ खवून झालो?" आतून आवाज आला.

शिवदासने अंगठा काढला, अंक मिटला आणि कुणी सांगितलं नसताना दुसरा नारळ फोडायला घेतला.