ताठ बोटाचा भाव

सिंदी रेल्वेच्या प्रेमदास थूल यांनी आयुष्यात एकाही वस्तूचा सांगितलेला भाव दिला नव्हता. हे गावाला माहीत होतं, कारण ते स्वतःच सांगत फिरायचे! चाळीस वर्षं बैलबाजारात दलाली केलेला माणूस. बैलाचं सोडा, मेथीच्या जुडीचा भाव ऐकूनही ते असे हसायचे की भाजीवालीला वाटे आपलंच काहीतरी चुकलं. एकदा त्यांनी एसटीच्या कंडक्टरशीही घासाघीस केली होती. तिकीट कमी झालं नाही ही गोष्ट खरी, पण केळझर येईपर्यंत कंडक्टर बाकीच्यांची तिकिटं फाडायची विसरला.

"माल मंग पाहाचा, भाव आंधी विचाराचा," ते म्हणत. "मले कोणी फसवून दाखवावं, मिशी उतरवतो!"

मिशी त्यांना नव्हती. पण ते असो.

तर अशा माणसाच्या मुलीचं, पौर्णिमाचं, त्या रविवारी साक्षगंध, म्हणजे साखरपुडा होता. मुलगा पुलगावचा, नाव विवेक, नोकरी विजेच्या कंपनीत. पाहुणे दुपारी चारला यायचे होते. जावयासाठी सात ग्रॅमची अंगठी केली होती. सोनारानं तिची मजुरी दोन दुपारी आणि तीन चहा झाल्यावर सोडली, तीसुद्धा प्रेमदासनं एकदाचं दुकानातून उठावं म्हणून!

सकाळी दहाला प्रेमदासनं डबी उघडली.

"डबीतच राहू द्या ना तिले," जिजाबाई म्हणाली. नवऱ्याशी तिचा संसार तीस वर्षांचा होता, त्यामुळे संकट ती लांबूनच ओळखायची.

"अवं, बोटात कशी दिसते ते पाहून राह्यलो! सात ग्रॅम आहे, दिसाले नको काय?"

आणि अंगठी उजव्या हाताच्या करंगळीशेजारच्या बोटात गेली. गेली ती गेलीच!

मग साबण झाला. खोबरेल तेल झालं. शेजारच्या शोभाबाईनं शाम्पूच्या चार पुड्या आणल्या. कोणी म्हणालं बर्फ लावा, कोणी म्हणालं गरम पाण्यात बुडवा. प्रेमदासनं कोणालाच नाराज केलं नाही, दोन्ही केलं. दोघांनी हात धरला, दोघींनी अंगठी ओढली. एवढ्या खटाटोपाचं फळ म्हणजे बोट सुजलं! अकराला ते मुळ्यासारखं होतं, बाराला गाजरासारखं, आणि साडेबाराला त्याचं वांगं झालं, रंगासकट.

पौर्णिमाचा चेहरा रडवेला झाला. "बाबा, सोनाराकडून कापून आणा न. बोट काळं पडून राह्यलं तुमचं."

"कापलेली अंगठी जावयाच्या बोटात घालशील? पुलगाववाले काय म्हणतील? साक्षगंधातच तोडमोड!" प्रेमदास ओरडला. खरं तर त्याला आतून रडू येत होतं. एकुलती एक मुलगी, आणि तिच्या कार्यात घोळ कोणी केला? खुद्द बापानं! अंगठी साबुत निघाली पाहिजे आणि चारच्या आत घरी पोचली पाहिजे, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

जिजाबाईचा भाऊ रूपराव ऑटो चालवायचा. त्यानं ऑटो थेट दारात लावला. "भाऊजी, चाला! सेलूजवळ हायवेवर नवा दवाखाना झाला. इमर्जन्सी रात्रंदिवस चालू राह्यते."

"भाव काय आहे तिथं?"

"भाऊजी, दवाखाना आहे तो!"

"मंग? दवाखान्यात भाव नसते काय?"

दोन वाजता दोघं दवाखान्यात शिरले. इमर्जन्सी विभाग थंडगार, पांढरा स्वच्छ. बाकावर पाच-सहा खेड्यांतली माणसं आपापली दुखणी धरून बसलेली. रक्षा नावाच्या सिस्टरनं प्रेमदासला बघताच पलंग दाखवला. "झोपा काका. बीपी बघते."

"पलंगाचे किती?"

"अं?"

"पलंगाचे, पलंगाचे!"

"तासाला चारशे."

प्रेमदास पलंगापासून चार पावलं मागं सरला. "मी उभाच बरा. बीपीचे किती?"

"ते तपासणीतच येतं."

"मंग पाहा. दोन्ही हातांचं पाहा!"

सिस्टरनं ईसीजीचं नाव काढलं. भाव निघाला तीनशे. प्रेमदास म्हणाला, दुखून बोट राह्यलं, काळजाले कायले मधात घेता? सिस्टरनं बोटावर ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला, तर त्यानं तो भाव कळेपर्यंत श्वास रोखून धरला. चिमट्याचं यंत्र पिक् पिक् ओरडायला लागलं. तेव्हा आतून डॉक्टर रोशनी धावत आल्या. वयानं पौर्णिमाएवढ्या, पण आवाज हेडमास्तरांचा.

त्यांनी बोट पाहिलं, नख दाबून पाहिलं. "काका, अर्ध्या तासात अंगठी निघाली पाहिजे. नाहीतर कापावी लागेल."

"बोट?"

"अंगठी हो! पण अजून उशीर केलात तर बोटाचंही सांगता येत नाही. आधी न कापता प्रयत्न करू. या आत."

"भाव आंधी सांगा."

"काका, पैशांचं नंतर बघू. इथं आधी उपचार होतो."

आता हे वाक्य ऐकून दुसऱ्या कोणी हात जोडले असते. प्रेमदासला मात्र धडकीच भरली. बाजारात 'पैशाचं नंतर बघू' म्हणणाऱ्या माणसानं त्याला कधी चांगला बैल दिला नव्हता! डॉक्टरबाई पुढं काही म्हणायच्या आत तो बिलाच्या खिडकीवर पोचलाही.

खिडकीशेजारी दरपत्रक होतं. आपत्कालीन तपासणी, पाचशे. पलंग, चारशे. आणि खाली, 'लहान प्रक्रिया: अडीच हजारांपासून पुढे'.

"पासून पुढे!" प्रेमदासचे डोळे चमकले. "रूपराव, पाहून घे. 'पासून' त्यायनं लिवलं, 'पर्यंत' आपण ठरवाचं!"

खिडकीत प्रभाकरराव बसले होते. हिंगणीचे. वडील बैलांचे शौकीन, पण पोरानं शिकून कॅशियर व्हावं म्हणाले, आणि तसा तो झाला. गेली तीन वर्षं ते संगणकात आकडे भरत होते आणि मनातल्या मनात वाळत होते.

"तपासणी पाचशे, प्रक्रिया अडीच हजार. तीन हजार धरून चाला," प्रभाकरराव म्हणाले.

प्रेमदासनं खांद्यावरचा दुपट्टा काढला, खिडकीच्या फळीवर पसरला आणि उजवा हात खाली घातला. बैलबाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत, शेजारच्या गिऱ्हाइकाला कळतो ना! दुपट्ट्याखाली जितकी बोटं ताठ, तितके हजार. समोरच्यानं चाचपून पाहायची, आणि पटलं तर हात दाबायचा. हात दाबला की सौदा झाला. मग आभाळ कोसळलं तरी फिरायचं नाही.

प्रभाकररावांनी दुपट्टा पाहिला आणि संगणकावरचा हात काढला. वडिलांच्या मागं मागं बाजारात फिरलेलं बालपण डोळ्यांपुढं उभं राहिलं. त्यांनी इकडं तिकडं पाहिलं, आणि हळूच हात दुपट्ट्याखाली घातला.

प्रेमदासनं एक बोट ताठ ठेवलं. एक हजार. मग हळूहळू दीडपर्यंत जायचं, असा त्याचा बेत.

प्रभाकररावांनी चाचपलं. एक बोट. आणि हे दुसरं! चांगलं जाडजूड, ठसठशीत! त्यांनी हात दाबला.

"दिलं!" ते ओरडले. "दोन हजारांत दिलं!"

"आई गं!" प्रेमदासही ओरडला, कारण बोट दाबलं गेलं होतं ते नेमकं दुखरं. मग आकडा डोक्यात शिरला. "दोन कायचे? मी एक बोट दिलं!"

"दोन ताठ होते, काकाजी!"

"अहो, ते दुसरं दुमडतच नाई! ते बोली नोय, ते पेशंट आहे!"

"बाजारात ताठ बोट मोजतेत. ते काऊन ताठ आहे, हे कोणी विचारते काय?"

बाकावरची सगळी माणसं उठून खिडकीपाशी आली. पायाला फडकं गुंडाळलेला चिंधूबाबा नावाचा म्हातारा लंगडत सर्वांत पुढं आला. त्यानं प्रेमदासला ओळखलं. "मी तुमच्याच हातानं जोडी घेतली होती ना! त्या वक्ती माह्या बोटाले काटा लागून ते ताठ राह्यलं, तं तुमी मले काय म्हटलं? म्हटलं, बोट ताठ तं हजार वाढले. मले वाढीव द्या लागले!"

असं प्रेमदास म्हणाला होता खरा. सगळ्यांनी मिळून निकाल दिला: हात दाबला, सौदा झाला, दोन हजार.

"आता माह्या टाक्यायचं पाहा," चिंधूबाबा म्हणाला आणि त्यानं डोक्याचा रुमाल सोडून फळीवर पसरला!

मग काय विचारता! सलाइनवाल्यांच्या नातेवाइकांनी दुपट्टे काढले. एका बाईनं पदरच खिडकीत सारला. प्रभाकरराव दोन्ही हातांनी भाव चाचपत होते, घामाघूम झाले होते आणि आयुष्यात कधी नव्हते इतके खूश दिसत होते. ड्रेसिंगचा भाव पन्नासवर आला, एक्सरेवर एक्सरे फुकट निघाला! रूपरावला काहीच झालं नव्हतं, तरी तोही रांगेत लागला. "भाव चांगला निंगून राह्यला भाऊजी, काही करून घेतो!"

गोंधळ ऐकून वरून मॅनेजर आले. कोट, टाय, आणि चेहऱ्यावर धक्का. "काय चाललंय? हा दवाखाना आहे की बैलबाजार?"

प्रश्न तसा बरोबरच होता.

तेवढ्यात डॉक्टर रोशनींनी प्रेमदासचं मनगट धरलं आणि त्याला ओढतच आत नेलं. हात दहा मिनिटं वर धरायला लावला. मग एक साधा दोरा घेतला, त्याचं टोक अंगठीखालून सरकवलं आणि बोटावर घट्ट वेटोळे गुंडाळले. मग खालचं टोक धरून त्या एकेक वेटोळा सोडू लागल्या, तशी अंगठी तसूतसूनं वर चढू लागली.

"अरे बाप्पा! मेलो! मेलो वं जिजे!"

"ओरडा काका. ओरडायचे पैसे नाहीत."

आणि अंगठी टुणकन निघाली! साबुत, चकचकीत, ओरखडासुद्धा नाही. प्रेमदासनं ती मुठीत धरली आणि तो चक्क रडला. "बाई, तुमी माह्या पोट्टीचं साक्षगंध वाचवलं," एवढंच त्याला बोलता आलं. घड्याळात तीनला दहा कमी होते.

तो धावतच खिडकीवर आला. तिथं मॅनेजर स्वतः बसले होते, आणि मागं प्रभाकरराव मान खाली घालून उभे. रुमाल, दुपट्टे, पदर सगळे आपापल्या जागी परत गेलेले.

"इथं भाव ठरत नाहीत," मॅनेजर म्हणाले. "बिल बोर्डाप्रमाणे होईल. कमी नाही, जास्त नाही."

प्रेमदासचा पारा चढला. बोर्डाप्रमाणे म्हणजे तीन हजार! "वा जी वा! सौदा झाला तो झाला! एवढ्या मानसायच्या समोर हात दाबला तुमच्या मानसानं!"

"पण ऐकून तर घ्या."

"काही ऐकाचं नाई! थूलाचा सौदा आजपर्यंत फिरला नाई. दोन हजार ठरले, दोनच देईन. एक रुपया वर नाई, एक रुपया खाली नाई!" त्यानं पाचशेच्या चार नोटा फळीवर आपटल्या. "बोला, चिंधूबाबा!"

"बरोबर आहे!" बाकावरून एकच गलका झाला.

मॅनेजरनी दोन्ही हात वर केले. "ठीक आहे बाबा, ठीक आहे!" त्यांनी पावती फाडली. प्रेमदासनं ती सगळ्यांना फिरवून दाखवली. प्रभाकररावांचीही मान वर झाली.

इतक्यात डॉक्टर रोशनी कागद घेऊन आल्या. "सर, या काकांचं बिल. काही कापलं नाही, त्यामुळे प्रक्रिया लागत नाही. दोऱ्याचे मी लावले नाहीत. फक्त तपासणी, पाचशे."

प्रेमदासनं फळीवरच्या चार नोटांकडं पाहिलं.

"तेच सांगत होतो, आधी डॉक्टरांचं बिल येऊ द्या," मॅनेजर म्हणाले. "घ्या, दीड हजार परत घ्या."

प्रेमदासचा हात पुढं गेला. मग त्यानं मागं पाहिलं. चिंधूबाबा पाहत होता. पदरवाली बाई पाहत होती. बाकावरचं सगळं गणगोत पाहत होतं. रूपरावनं तर डोळेच मिटून घेतले होते.

"सौदा..." प्रेमदास म्हणाला. पुढं केलेला हात त्यानं मागं घेतला. "सौदा म्हणजे सौदा."

बाकावर टाळ्या पडल्या. मॅनेजरना संगणकात ते पैसे कुठं टाकावेत कळेना, म्हणून त्यांनी गरीब रुग्णांच्या निधीची पावती केली. 'देणगीदार: श्री. प्रेमदास थूल. रुपये पंधराशे फक्त.' चिंधूबाबाचे टाके त्यातूनच झाले असं म्हणतात!

ऑटो पावणेचारला दारात लागला. पाहुणे चारला आले. वंदना झाली, त्रिशरण-पंचशील झालं, आणि पौर्णिमानं विवेकच्या बोटात अंगठी घातली. ती अशी अलगद बसली की घरचे आणि शेजारी सगळे हसले, आणि पौर्णिमा बापाकडं बघून सगळ्यांत जास्त हसली. प्रेमदासनं डोळे पुसले. डाव्या हातानं.

व्याह्यांचं लक्ष उजव्याकडं गेलं. "व्याहीबुवा, बोटाले काय झालं जी तुमच्या?"

प्रेमदासनं घसा साफ केला. पण सरबताचा ट्रे घेऊन मागं उभ्या असलेल्या जिजाबाईला ऑटोतून उतरताच भावानं सगळं सांगून टाकलं होतं.

"काही नाई जी," ती म्हणाली. "मोलभाव करता करता सुजलं!"